टर्बो बसवल्यानंतरची तेलगळती : आमच्या जीपचे आठ महिने

आमची महिंद्रा कमांडर जीप २००१ सालची आहे. वडिलांनी ती काजू, भात आणि खताची पोती वाहण्यासाठी घेतली, आणि बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातल्या जांबोटी भागात, जिथे पावसाळ्यात रस्ता कुठे संपतो आणि ओढा कुठे सुरू होतो हे कळत नाही, तिथे ती बावीस वर्षे बिनतक्रार चालली. तिचे डिझेल इंजिन मुळात साधे होते; इंजिनात जास्त हवा दाबून भरून ताकद वाढवणारा टर्बो त्याला नव्हता. भरल्या गाडीने कणकुंबीकडचा चढ चढताना दुसऱ्या गिअरवर यावे लागे आणि मागे वाहनांची रांग लागे. एवढ्या एका कारणासाठी मी तिला टर्बो बसवून घेतला, आणि पुढचे आठ महिने त्यातून सुरू झालेल्या तेलगळतीच्या मागे गेले. त्या काळात कोणाला काय विचारावे हेच मला कळत नव्हते, म्हणून घडले तसे क्रमाने लिहीत आहे.

काम झाले १८ नोव्हेंबर २०२३ रोजी, सीमेपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या एका गॅरेजमध्ये. जुना टर्बो, त्याला जुळणारा मॅनिफोल्ड (इंजिनाचा धूर बाहेर नेणारा जोडपाइप), नळ्या आणि मजुरी मिळून ३८,५०० रुपये झाले. पावती साध्या कागदावर होती आणि तिच्यावर ‘टर्बोचे काम’ एवढेच लिहिले होते. मी आनंदात होतो, त्यामुळे टर्बोला तेल कुठून येते आणि कुठे जाते हा प्रश्न मी विचारला नाही. आज तोच प्रश्न मी सर्वांत आधी विचारीन. टर्बोचा दांडा मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो आणि तो तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. हे तेल इंजिनाच्या पंपाच्या दाबाने टर्बोत येते, परंतु टर्बोतून परत चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या टाकीत, जाताना त्याच्यामागे कोणताही दाब नसतो. ते केवळ आपल्या वजनाने खाली उतरते. येण्याची नळी बारीक चालते, परतीची नळी मात्र मोठी आणि सरळ उताराचीच लागते.

३ डिसेंबरला सकाळी आईने अंगण सारवायला घेतले, तेव्हा जीपच्या खाली ताटाएवढा काळा डाग होता. तिने त्यावर राख टाकली आणि मला हाक मारली. ९ डिसेंबरला मी गाडी पुन्हा त्याच गॅरेजमध्ये नेली. तिथे दोन तास थांबलो. त्यांनी सांधे पुसले, बोल्ट आवळले, सगळीकडे सिलिकॉन फासले आणि नवीन पॅकिंग बसायला थोडे दिवस लागतात असे सांगून ५०० रुपये घेतले. आठवड्याभरात डाग आणखी मोठा झाला. त्या दिवसापासून मी एका वहीत किलोमीटर आणि टाकलेले तेल लिहू लागलो, आणि पुढे सर्वाधिक उपयोग झाला तो या वहीचाच. जानेवारीच्या मध्याला तिच्यातला हिशेब ६०० किलोमीटरला एक लिटर असा निघत होता.

जानेवारीत आमच्या भागातल्या दुसऱ्या एका मेस्त्रींनी गाडी खालून पाहिली. तेल इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या सांध्याच्या तळाशी असलेल्या भोकातून ठिबकत होते, म्हणून त्यांनी क्रँकचे (इंजिनाच्या मुख्य दांड्याचे) मागचे ऑइल सील गेले असे निदान केले. ते तर्काला धरूनच होते, आणि त्यांनी काम मन लावून केले. २० ते २४ जानेवारी असे पाच दिवस गिअरबॉक्स उतरवलेला होता. क्लच प्लेट तेलाने भिजलेली निघाली, तीही बदलली. मजुरी ४,५००, सील ६५०, प्लेट २,८००, असे ७,९५० रुपये झाले. चार दिवस अंगण कोरडे राहिले. पाचव्या दिवशी पुन्हा तोच डाग, त्याच जागी. त्या सकाळी मी डिपस्टिक (तेलाची पातळी पाहायची पट्टी) हातात घेऊन पडवीच्या पायरीवर बराच वेळ बसून राहिलो. वडिलांची गाडी मी माझ्या हाताने बिघडवली, हा विचार मनातून जात नव्हता.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी गाडी सुरू करताच निळा धूर येऊ लागला. टर्बोकडून इंजिनाकडे हवा नेणारा रबरी पाइप मी सोडवून पाहिला, तर आतून तेलाने ओला होता आणि खालच्या वळणात चमचाभर तेल साचलेले होते. इथे एक गोष्ट फार गांभीर्याने सांगतो. डिझेल इंजिनाला हवेच्या वाटेने पुरेसे तेल मिळाले तर ते तेच इंधन म्हणून जाळू लागते, त्याचा वेग आपोआप वाढत जातो आणि चावी बंद केली तरी ते थांबत नाही, कारण चावीने फक्त डिझेल बंद होते. हवेच्या पाइपमध्ये तेल दिसले की गाडी चालवणे थांबवावे. मी १२ फेब्रुवारीपासून ती उभी केली.

माझा मावसभाऊ बेळगावात उद्यमबागेत लेथवर काम करतो. त्याच्या ओळखीने तिथल्या एका वयस्कर मेस्त्रींकडे २६ फेब्रुवारीला, पिकअपला टोचन करून, पिरनवाडीमार्गे जीप नेली. उद्यमबागेत फाउंड्री, लेथ, वेल्डिंग, हायड्रॉलिक असे सगळे हाकेच्या अंतरावर आहे, त्यामुळे एखादा तुकडा कंपनीत मिळत नसेल तर दुपारपर्यंत तो घडवून मिळतो. अशा कामाला तीच जागा योग्य, हे मला आधी सुचायला हवे होते.

मेस्त्रींनी पहिल्या दिवशी एकही पाना लावला नाही. डिझेल आणि ब्रशने इंजिन धुतले, हवेने कोरडे केले, आणि तान्ह्या बाळाला लावतात ती पावडर टर्बोपासून चेंबरच्या काठापर्यंत सगळीकडे भुरभुरली. मग गाडी जागेवर सुरू ठेवली. वीस मिनिटांनी त्यांनी मला टॉर्च घेऊन खाली वाकायला लावले. पांढऱ्या पावडरवर टर्बोच्या परतीच्या नळीपासून एक काळी ओली रेघ निघाली होती. ती चेंबरच्या काठाला येऊन काठाकाठाने मागे सरकत होती. गाडी वेगात असताना वारा हेच तेल मागे गिअरबॉक्सपर्यंत लोटतो आणि ते तिथून ठिबकते. “तेल दिसतंय तिथं रोग नसतोय ओ,” मेस्त्री म्हणाले, “वर बघत जावा. आणि नुसतं बुजवायची घाई करू नकासा, ते बाहेर का येतंय ते आधी बघू.” जानेवारीतले ७,९५० रुपये कुठे गेले ते मला त्या रेघेवरून कळले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन चाचण्या केल्या. गवंडी भिंतीची पातळी पाहायला वापरतात ती पारदर्शक लेव्हल पाइप त्यांनी इंग्रजी यू अक्षरासारखी फळीला बांधली, तिच्यात अर्ध्यापर्यंत पाणी भरले आणि एक टोक डिपस्टिकच्या भोकात घट्ट बसवले. इंजिनाचा वेग वाढवताच एका बाजूचे पाणी खाली गेले आणि दुसऱ्या बाजूचे वर चढले. दोन पातळ्यांतला फरक नऊ इंच भरला. म्हणजे चेंबरच्या आत वायूचा दाब साचत होता. पिस्टनच्या बाजूने थोडा वायू खाली येणे स्वाभाविक असते आणि तो ब्रीदरच्या नळीतून बाहेर जातो. आमच्या गाडीत टर्बोला जागा करण्यासाठी ती जाड नळी काढून तिथे बोटापेक्षा बारीक नळी, तीही दुमडून, बसवलेली होती. वायूला वाट नव्हती, म्हणून तो टर्बोतून उतरणाऱ्या तेलाला खालून अडवत होता.

दुसरी चाचणी मला अधिक पटली. परतीची नळी चेंबरकडून सोडवून तिचे टोक एका रिकाम्या डब्यात धरले आणि गाडी काही सेकंदच सुरू केली. तेल थांबून थांबून, फेसाळ आचके देत आले. मग ती नळी काढून टर्बोच्या तोंडाला थेट जाड पाइप लावला, तर तेल फेसासकट पण सलग धारेने डब्यात पडले. टर्बोतून निघणारे तेल असे फेसाळच असते, आणि फेसाला साध्या तेलापेक्षा जास्त जागा लागते, हे त्यांनी तेव्हा समजावले. टर्बोच्या दांड्यावरची सील रबराची नसतात; पिस्टनच्या रिंगसारखी धातूची बारीक कडी असतात. तेल मोकळे उतरत असेल तोवर ती काम देतात, पण तेल तुंबले की ते तेल एका बाजूला हवेच्या पाइपमध्ये आणि दुसऱ्या बाजूला सायलेन्सरमध्ये जाते. टर्बो तेल गाळतो म्हणून लगेच नवा टर्बो घेण्याआधी परतीची नळी आणि ब्रीदर तपासून घ्यावेत.

२८ फेब्रुवारीला चेंबर उतरवला. परतीची नळी १० मिलिमीटर आतल्या व्यासाची, डिझेलला वापरतात तशी होती, आणि इंजिनाच्या माउंटिंगला वळसा घालताना ती एका जागी वर चढून पुन्हा खाली येत होती. चेंबरला तिचे भोक तेलाच्या पातळीच्या खाली पाडले होते, म्हणजे परतणाऱ्या तेलाला साचलेल्या तेलातून वाट काढावी लागत होती. त्या जोडाला वेल्डिंग नव्हते, एपॉक्सी लिंपलेले होते, आणि गळती तिथूनच बाहेर दिसत होती. टर्बोच्या खालच्या फ्लँजवर (नळी जोडायच्या चपट्या कडीवर) फासलेले सिलिकॉन आत दाबले जाऊन अर्धे छिद्र बुजले होते. डिसेंबरमध्ये ते फासताना मी शेजारीच उभा होतो.

सर्वांत वाईट मात्र वेगळेच निघाले. मेस्त्रींनी चेंबरच्या तळाला चुंबक फिरवला, तेव्हा त्याला लोखंडाचा बारीक, वळवळीत किस चिकटून आला. भोक पाडताना चेंबर खाली उतरवलाच नव्हता. ड्रिलचा सगळा किस आत पडला होता आणि तीन महिने तेलात होता. तो चुंबक त्यांनी काही न बोलता माझ्या हातात दिला. मला त्या वेळी फार भीती वाटली. त्यांनी दोन कनेक्टिंग रॉडची बेअरिंग उघडून पाहिली; त्यांवर बारीक ओरखडे होते, पण नखाला लागतील इतके खोल नव्हते. तेलपंपाच्या जाळीने मोठा किस अडवला होता. ती जाळी, पंप आणि तेलाच्या वाटा धुऊन घेण्यात एक पूर्ण दिवस गेला.

टर्बोचा गाभा तपासणी आणि बॅलन्सिंगसाठी कोल्हापूरला पाठवला. तो यायला सहा दिवस लागले, मध्ये ८ मार्चला महाशिवरात्रीची सुट्टी आली. तोवर इकडे चेंबरचे काम झाले. जुने भोक लोखंडी चकती लावून कायमचे बंद केले आणि नवे भोक तेलाच्या पातळीच्या वर पाडले. माझ्या मावसभावाने लेथवर १९ मिलिमीटर छिद्राचा फ्लँज आणि नळीचा तुकडा तयार केला आणि शेजारच्या शेडमध्ये पितळेने ब्रेझिंग करून घेतले. सांधा पक्का झाला का, हे पाहण्याची मेस्त्रींची रीत साधी होती: सांध्यावर बाहेरून चुन्याचे पाणी लावून वाळू दिले, आतून डिझेल ओतले आणि चेंबर रात्रभर तसाच ठेवला. सकाळी चुना पांढरा आणि कोरडा होता. कुठे केसाएवढी फट असती, तर तिथे ओला डाग उमटला असता.

बसवतानाही त्यांनी काही गोष्टींवर तडजोड केली नाही. टर्बोचा गाभा आधी एका अंगावर कलता बसवलेला होता. तो फिरवून तेल येण्याचे तोंड बरोबर वर आणि जाण्याचे तोंड बरोबर खाली आणले. फ्लँजला सिलिकॉन न लावता कागदी पॅकिंग घातले. तेल आणणाऱ्या नळीच्या बँजो बोल्टला (ज्याच्या आतून तेल वाहते त्या पोकळ बोल्टला) नवे तांब्याचे वॉशर घातले, कारण एकदा दाबले गेलेले वॉशर कडक होतात आणि पुन्हा नीट बसत नाहीत. त्या नळीच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळू दिली नाही. तिचा तुकडा सुटला तर तो थेट टर्बोच्या बारीक छिद्रात जाऊन अडकतो. ब्रीदरला मूळ जाडीची नळी परत आली.

११ मार्चला, सोमवारी दुपारी, गाडी सुरू केली. त्याआधी टर्बोच्या वरच्या तोंडातून थोडे तेल ओतले आणि डिझेल बंद ठेवून स्टार्टरने इंजिन टप्प्याटप्प्याने फिरवले. तेलाच्या दाबाचा दिवा विझल्यावरच डिझेल उघडले, कारण पहिल्या काही सेकंदांत कोरडा फिरलेला टर्बो तेव्हाच खराब होतो. लेव्हल पाइप पुन्हा लावली. आता पाण्यातला फरक दीड इंच होता. त्यानंतरचा अर्धा तास आम्ही तिघे जीपच्या खाली पसरलेल्या वर्तमानपत्राकडे पाहत होतो. एकही थेंब पडला नाही. मावसभावाने चहा मागवला. मला मात्र तो कागद पुन्हा पुन्हा पाहावासा वाटत होता.

खर्च असा झाला: टर्बोचा गाभा ५,५००, मजुरी ३,५००, तेल आणि फिल्टर २,४००, नळ्या ९००, लेथ ६००, ब्रेझिंग ४००, ब्रीदर ३५०, वॉशर ८०, एकूण १३,७३० रुपये. सगळ्याची छापील बिले मागून घेतली आणि काढलेला प्रत्येक भाग, सिलिकॉनसकट, पिशवीत भरून घरी आणला. त्यांची छायाचित्रे तारखेसह काढून ठेवली.

याच बिलांचा पुढे उपयोग झाला. पहिले गॅरेज महाराष्ट्रात आणि मी कर्नाटकात, म्हणून तक्रार करायला तिकडे जावे लागेल असे मी धरून चाललो होतो. ते खरे नव्हते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडेही तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही आणि मुदत दोन वर्षांची असते. सल्ल्यासाठी १९१५ हा राष्ट्रीय क्रमांक आहे. माझ्या ओळखीच्या एका वकिलांनी आधी लेखी नोटीस पाठवायला सांगितले. ती २२ एप्रिलला रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह गेली. ७ मे रोजी आमच्याकडे लोकसभेचे मतदान होते आणि त्या काळात कोणतेही काम पुढे सरकत नव्हते. १० जूनला गॅरेजचा फोन आला, आणि १५ जूनला त्यांनी १२,००० रुपये बँकेत जमा केले. संपूर्ण नुकसान भरून निघाले नाही, तरी मी तिथे प्रकरण थांबवले, आणि त्याला एक कारण होते.

ते कारण याच वकिलांनी दाखवले. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी पुस्तकातल्या तपशिलाशी किंवा उत्पादकाच्या मूळ रचनेशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले आहे. नियमबाह्य बदलासाठी कलम १८२-अ खाली प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय विमा कंपनीला न कळवलेल्या बदलामुळे अपघाताचा दावा नाकारला जाऊ शकतो. टर्बो बसवणाऱ्याने मला हे सांगितले नाही, आणि मीही विचारले नाही. ज्यांनी अजून काम केलेले नाही, त्यांनी पैसे देण्याआधी आरटीओत जाऊन लेखी विचारावे, ही माझी कळकळीची विनंती आहे.

८ जुलैला मी बेळगावच्या आरटीओत गेलो. खिडकीवरच्या कर्मचाऱ्याने ब्रेक इन्स्पेक्टरांना, म्हणजे मोटार वाहन निरीक्षकांना, भेटायला सांगितले, आणि त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. तोंडी काहीच सांगता येत नाही, नोंदणी अधिकाऱ्यांच्या नावे अर्ज द्या, असे ते म्हणाले. अर्ज कन्नडमध्ये असला तर पुढे जायला सोपे पडते, म्हणून माझ्या पुतणीने तो लिहिला आणि बाहेरच्या टायपिस्टकडून टंकून घेतला. सोबत नोंदणी पुस्तक, विमा, पीयूसी, सर्व बिले आणि इंजिनाची चार बाजूंची छायाचित्रे जोडली. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. त्याच दिवशी विमा कंपनीलाही लेखी कळवले. आमच्या गाडीच्या नोंदणीचे नूतनीकरण २०२६ मध्ये आहे आणि त्या वेळी तपासणीला गाडी न्यावीच लागणार आहे, त्यामुळे हा प्रश्न आज ना उद्या समोर येणारच होता.

अर्जाला तीन आठवडे झाले आहेत आणि उत्तर अजून आलेले नाही. तोपर्यंत जीप घर ते शेत एवढ्या आमच्या खासगी वाटेवरच चालते. मूळ मॅनिफोल्ड आणि हवेचा पाइप मी ग्रीस लावून, जुन्या धोतरात गुंडाळून माळ्यावर ठेवले आहेत. नकार आला तर टर्बो उतरवून तेच परत चढवायचे, हे मेस्त्रींशी बोलून ठेवले आहे. मार्चपासून वहीत एकदाच तेल टाकल्याची नोंद आहे, तीही पाव लिटरची. रात्री जीपच्या खाली पुठ्ठा सरकवायची सवय मात्र गेलेली नाही. आज सकाळी तो उचलला तेव्हा त्यावर फक्त पागोळ्यांचे शिंतोडे होते.